ते वैराग्य नव्हते

आमच्या भजनी मंडळात माझ्याविषयी दोन कथा सांगितल्या जातात आणि दोन्ही चुकीच्या आहेत. पहिली अशी, की सप्तशृंगीच्या गडावर माझा थरथरणारा हात अचानक स्थिर झाला. दुसरी माझ्या मुलाची लाडकी आहे. तिच्यात देवी स्वतः एका म्हाताऱ्या बाईच्या रूपाने आली, आमच्याशी बोलली आणि दिसेनाशी झाली. मी अजून हयात आहे, तरी माझ्याच बाबतीत काय घडले हे मला विचारण्याची तसदी कोणी घेतलेली नाही. म्हणून हे लिहिणे भाग पडले. हात आजही थरथरतो. देवीची कृपा झाली, हे मात्र खरे आहे. पण ती या मंडळींनी दाखवली त्या ठिकाणी झाली नाही.

एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात, कंट्रोल रूममध्ये माझी सगळी नोकरी झाली. सत्तरी ओलांडल्यावर कंपवाताने मला गाठले. हाताची थरथर आणि पावलांचे अडखळणे चारचौघांना दिसत होते. त्यामुळे औषधे सुरू झाली, विचारपूसही झाली. जे दिसत नव्हते त्याविषयी कोणी विचारले नाही आणि मलाही सांगता आले नाही. माझे वाटणेच हळूहळू बंद होत गेले होते. "अण्णा खचले होते" असे म्हणणारे काही जण आहेत, तेही चुकतात. खचायलासुद्धा काहीतरी वाटावे लागते. नातू घरी आला की आपल्याला आनंद व्हायला हवा, हे मला ठाऊक असे, आणि मी त्या आनंदाची वाट पाहत बसे. नातू परत जाई; आनंद येत नसे. वीजनिर्मितीचा संच पूर्ण क्षमतेने चालू असावा आणि समोरच्या मीटरचे सगळे काटे मात्र शून्यावर पडलेले असावेत, तसे ते होते.

बुद्धीचेही तेच. ज्या पूजेचा क्रम मी झोपेतही चुकलो नसतो, तिच्यात एका हातात घंटा आणि दुसऱ्या हातात उदबत्ती घेऊन मी उभा राही आणि पुढे काय करायचे ते सुचत नसे. कोणी प्रश्न विचारला तर उत्तर मनात तयार होऊन जिभेवर येईपर्यंत विचारणारा निघून गेलेला असे. चेहऱ्याच्या रेषाही हलेनाशा झाल्या. आमच्या सौ. कधी विचारीत, "अहो, माझं काही चुकलं का?" तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तरही उशिरा तयार होई, आणि तोवर त्या डोळे पुसत स्वयंपाकघरात गेलेल्या असत.

आता आमच्या मंडळाचे बुवा यात कसे शिरले ते सांगतो. बुवा सज्जन आहेत, पण त्यांना प्रत्येक गोष्टीत परमार्थ दिसतो. मी अभंग ऐकताना पापणी न हलवता बसतो, स्तुतीने फुलत नाही, निंदेने चिडत नाही, हे त्यांनी पाहिले आणि भर बैठकीत जाहीर केले, की अण्णांना वैराग्य प्राप्त झाले आहे. पूजेतले माझे चुकणे त्यांच्या कानावर गेले, तेव्हा म्हणाले, "आता त्यांना कर्मकांडाची गरजच उरली नाही." नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीतली माणसे माझ्या पाया पडू लागली. त्या नमस्कारांनीही मला काही वाटले नाही, आणि त्यांना तेच वैराग्याचे आणखी एक लक्षण दिसले. या जाळ्यातून सुटायचे कसे, हे मला आजही सांगता येणार नाही.

पुढे बुवांनी त्र्यंबकच्या रस्त्यावरच्या एका मठात माझ्यासाठी खोली ठरवली. अशा पुरुषाला संसारात अडकवून ठेवणे बरे नव्हे, असे त्यांनी सौ.ना समजावले. सौ.नी होकार दिला, कारण या माणसाला आता आपण नकोसे झालो आहोत, अशी त्यांची खात्री पटली होती. माझ्या डोळ्यांसमोर माझ्या चादरी, धोतरे, औषधांचा डबा बांधला जात होता. मला जायचे नव्हते. पण "जायचे नाही" हे वाक्य उठून बाहेर यावे, एवढे बळ आत कुठेच नव्हते.

जाण्यापूर्वी कुलदेवतेचे दर्शन घ्यावे म्हणून मुलगा आम्हाला गडावर घेऊन गेला. सौ.नी देवीची ओटी भरली. रुळांवरच्या ट्रॉलीने खाली उतरल्यावर मुलगा गाडी आणायला गेला आणि आम्ही दोघे एका बाकावर टेकलो. बाकाच्या दुसऱ्या टोकाला लासलगावकडची एक वयस्क बाई तिच्या नवऱ्याला पेढ्याचे तुकडे भरवत होती. त्या गृहस्थाचा हात माझ्यासारखाच हलत होता आणि चेहरा माझ्यासारखाच लाकडी होता.

सौ.नी मला हलक्या आवाजात विचारले, "अहो, बुवांना आज कळवायचंय. तुम्हाला खरंच जायचंय ना तिकडे?" थोडा वेळ गेला. "बरं," असे म्हणून त्या उठू लागल्या.

"ताई, बसा की," ती बाई म्हणाली. "त्यांनी अजून सांगितलं कुठं?"

"गप्प बसले म्हणजे होच. ते विरक्त झालेत, असं आमचे बुवा म्हणतात."

"विरक्त? मग आमचं येडं बी विरक्तच म्हणायचं. सकाळी विचारलं चहा घेता का, तर हो म्हणायला दुपार होती. अन् तोंड असं करून बसतं, जसा काय साठवणीच्या चाळीतला कांदा मीच सडवला. लय भांडले मी यांच्यासंगं. मग डॉक्टर म्हणला, मावशी, माणूस नाय रुसला, तोंड रुसलंय. ह्या दुखण्यात डोकं बी हळू चालतं अन् मन बी थंड पडतं. त्याच्यावर बी इलाज हाय, पण सांगितलं तर."

सौ. तिच्याकडे पाहत राहिल्या. मधल्या शांततेत तिचा नवरा समोर बघत म्हणाला, "मी येडा नाय."

"बघा," ती म्हणाली, "आलं का उत्तर? आता तुमच्या मालकांचं बी येऊ द्या. निघालेलं असंल ते."

सौ. पुन्हा बसल्या. त्यांनी माझा हात स्वतःच्या दोन्ही हातांत घट्ट धरला आणि माझ्याकडे पाहत राहिल्या. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी माझी अशी वाट पाहिल्याचे मला आठवत नाही. पूर्वी तशी वेळच आली नव्हती, माझी उत्तरे प्रश्नांच्या आधी तयार असत. किती वेळ गेला कोण जाणे. मग माझाच आवाज मला ऐकू आला. "नाही. मला मठात नाही जायचं. तुझ्याजवळ राहायचंय."

त्या रडू लागल्या. रडता रडता म्हणाल्या, "मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"आता ह्याला परत येळ द्या," ती बाई म्हणाली, आणि सौ. रडतानाच हसल्या.

घडले ते एवढेच. मुलगा गाडी घेऊन आला तेव्हा ती बाई तिथे नव्हती, म्हणून तो म्हणतो ती अदृश्य झाली. ती अदृश्य झाली नाही, तिची जीप आली. मागे कांद्याच्या रिकाम्या गोण्या होत्या आणि नवऱ्याला वर चढवताना ती गुडघ्यांच्या नावाने कुरकुरत होती. हात स्थिर झाल्याची गोष्टही मुलानेच बुवांना सांगितली, सौ.नी तो धरला होता, हे त्याने पाहिले नसावे.

त्या बाईच्या बोलण्यावरून सौ.नी डॉक्टरांना हाताऐवजी माझ्याविषयी विचारले. विचारांचे मंदावणे, भावनांचे थिजणे, चेहऱ्याचे गोठणे ही या रोगाचीच अंगे आहेत, असे डॉक्टरांनी नीट समजावून सांगितले आणि औषधांत फेरफार केला. काही परत आले, काही आले नाही. सर्वप्रथम आला तो राग. बुवांनी एक अभंग भलत्याच पट्टीत उचलला आणि मी त्यांना भर बैठकीत थांबवले. त्या दिवशी सौ.नी घरी शिरा केला. पुढे एकदा आरतीत मी लहान मुलासारखा रडलो. अजूनही काही सकाळी सगळे काटे शून्यावर असतात, आणि कधी कारण नसताना छातीत भीती भरून येते. बरा झालो, असे मी म्हणत नाही.

गडावरची देवी मान किंचित कलती करून उभी आहे. समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी सप्तशतीचा पाठ करीत आणि ती कान देऊन ऐकत असे, असे आमच्याकडे सांगतात. ती मूर्ती मी लहानपणापासून पाहत आलो, पण ऐकणाऱ्याला थांबावे लागते, हे त्या बाकावर मला कळले. देवीला कोणाचे रूप घेण्याची गरज नव्हती. तिने एका फटकळ बाईला नेमक्या बाकावर बसवले आणि माझ्या बायकोला थांबायला लावले. याहून मोठा चमत्कार मला नको आहे.

शरण जाणे म्हणजे मनात काही न उरणे, असे बुवा अजून सांगतात. मी ती अवस्था आतून पाहिली आहे. तिथे देवही नसतो, कारण त्याला हाक मारावीशी वाटत नाही. माझ्या मते काहीतरी हवे असावे, ते आपल्या हातात नाही हे कळावे, आणि ते दुसऱ्याच्या ओटीत घालून स्वस्थ बसता यावे, याला शरणागती म्हणतात. मला आता पुष्कळ हवे आहे. मला वाटत राहावे, आणि जे वाटते ते ओठांवर येईपर्यंत माझ्याजवळ बसणाऱ्या माझ्या बायकोला दीर्घायुष्य लाभावे, असे मी रोज मागतो. याला कोणी आसक्ती म्हणणार असेल तर खुशाल म्हणावे. मी ती देवीच्या पायांवर ठेवली आहे, आणि तिने ती आनंदाने ठेवून घेतली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.