सहीच्या आधी

गिरणीत दळण होईपर्यंत शेजारच्या शांतामावशी पेपर वाचतात. काल त्यांचं पिठाचं बोट कोर्टाच्या निकालावर अडलं.

"पोरी, तू शिकलीस ना? सहदायक म्हणजे काय गं?"

"वडिलोपार्जित जमिनीत जन्मापासूनचा वाटेकरी. मुलगीसुद्धा, भावाइतकीच."

मावशींनी ती ओळ पुन्हा वाचली. सोमवारी त्या हक्कसोडपत्रावर सही करून आपला वाटा भावाला देणार होत्या. आमच्याकडे बहिणी देतातच.

आमच्या घरातली पहिली पदवी माझी. कोर्ट एवढं बोललं, पण गिरणीपर्यंत पोचायला त्याला माझे दोन साधे शब्द लागले, याचं मला अप्रूप वाटलं.

डबा उचलताना मावशी म्हणाल्या, "सही देईनही. पण आजवर भाऊ नुसतं 'इथं कर' म्हणायचा. आता त्याला मागावी लागेल."