शिजल्याचा वास, भाजल्याचा वास

बिस्किटांचे स्वाद बनवणाऱ्या आमच्या कोल्हापूरच्या कारखान्यात एक जुने कामगार तापवणीच्या भांड्यापाशी उभे असतात. केमिस्ट मी, पण माल जमला की नाही ते त्यांचं नाक ठरवायचं. साखर तीच, अमिनो आम्ल तेच. पण ते कशात विरघळवून तापवलं यावर वास बदलतो. हे मला पुस्तकापेक्षा त्यांच्याच बोलण्यातून जास्त समजलं. "पाण्यात शिजतंय मॅडम, ग्लिसरीनमध्ये भाजतंय." बोलता बोलता मान तिरकी करून हवा हुंगायची त्यांना सवय.

मोठ्या तापातून उठून ते कामावर आले, त्याच दिवशी एक नमुना पाठवायचा होता. त्यांनी बाटली नाकाशी धरली. पुन्हा धरली. ते 'जमलंय' म्हणाले असते, तर मी डोळे झाकून सही केली असती.

"कायबी कळंना मॅडम. तापात नाक गेलंय बघा."

त्या नाकावरच त्यांची नोकरी होती. त्यांनी बाटली माझ्यापुढं धरली.

"तुमी घ्या की वास. कशाचा येतोय?"

"उकडलेल्या बटाट्याचा."

"मग पाणी जास्त झालंय. पाठवू नका. सायबास्नी मी सांगतो, नाकाचंबी."

ते सांगून आले. "सायेब म्हणालं, नाक येईस्तोवर मॅडमचं वापरा."

मग पाणी कमी करून, ग्लिसरीन वाढवून त्यांनी नवा घाणा लावला. दुपारी मी बाटली हुंगली आणि आनंदानं ओरडले, "भाजलेले शेंगदाणे!"

"व्हय, पण सालीसकट का सोललेलं?"

मला बाटली पुन्हा नाकाशी न्यावी लागली.