वारा फिरायच्या आधी

आधी मावशीचं सांगतो. नात्यातली नव्हे, तिला सगळेच मावशी म्हणायचे. चिंचोटीच्या डोंगरउतारावर, धबधब्याच्या वाटेपासून बरंच आत, तिचं कुडाचं घर होतं. मी आज हे लिहायला शिल्लक आहे तो तिच्यामुळे. तिनं मला आगीतून ओढून काढलं. आणि ती आग मीच लावली होती.

मी सोलापूरकडचा. शाळा सातवीत सुटली. विशी उलटल्यावर नायगावला एका गाळ्यात लेथवर लागलो, राहायला मनवेलपाड्यात चौघांत एक खोली. रविवार खायला उठायचा. वनखात्याला आगीच्या दिवसांत रानात हौसेनं राबणारी माणसं हवीत, असं कळलं. तरी महिनाभर गेलो नाही. फॉर्मवर शिक्षण विचारतील, ही भीती. शेवटी गेलो, तर गार्डसाहेब म्हणाले, "शिक्षण राहू दे. कोयता धरता येतो का?" एवढ्यावरच मी त्यांचा झालो.

काम होतं मावशीच्या घराखालच्या उतारावर, जाळरेषेचं. रानात खालून आग चढली तर तिला पुढं खायला काही मिळू नये, म्हणून उतारावर आडवा गवताचा पट्टा आपणच आधी जाळून ठेवायचा. नियम एकच: जाळायचं ते सकाळीच. सकाळी वारा डोंगरावरून खाली येतो, आग खडकाळ ओहोळापर्यंत जाऊन विझते. दुपारी तो खाडीकडून उलटा चढतो. वारा कधी फिरणार हे मावशी सांगायची, आणि गार्डसाहेबसुद्धा तिचं ऐकायचे.

त्या रविवारी तिनं हाक दिली, "बस झाला! आता काडी नको!" सगळे भाकरी सोडायला सावलीत गेले. माझ्या वाट्याचा चाळीसेक पावलांचा तुकडा राहिला होता. बाकीच्यांचा झालेला. वाटलं, म्हणतील, हा अडाणी तो अडाणीच. आमच्याकडं उसाचं पाचट भर दुपारी पेटवतात. वाऱ्याला कोण विचारतो? मी काडी ओढली.

आधी आग शहाण्यासारखी खाली निघाली. मग धूर थांबला, उभा राहिला आणि वळून माझ्या तोंडावर आला.

फांदीनं झोडपायला गेलो, तर फांदीच पेटली. मी वर पळालो. आग माझ्यामागून चढत होती, आणि माझ्यापेक्षा जोरात. आईला कोण कळवणार, एवढंच डोक्यात.

"वर नको! वर नको पलू!" बाजूनं मावशीचा आवाज आला. "काल्यात ये, काल्यात!"

सकाळी जाळलेला काळा पट्टा डाव्या हाताला होता, पण मधे गुडघाभर ज्वाळा. मी एक पाऊल टाकलं आणि मागं घेतलं. तेव्हा तीच त्या काळ्यातून ज्वाळा ओलांडून आली, माझी कॉलर धरली आणि मला फरफटत राखेत नेऊन पालथं पाडलं. "तोंड खाली! श्वास भुईचा घे!" माझ्या पाठीवर तिचा हात होता.

बाकीचे धावून आले. ओल्या फांद्यांनी झोडपून त्यांनी आग अडवली, पण मावशीच्या घरामागची पेंढ्याची रास गेली. पावसाआधी छपरावर घालायला भाताच्या चार खळ्यांवरून तिनं ती डोक्यावर वाहून आणली होती.

मावशीनं पदरानं भुवया पुसल्या. एक अर्धी जळाली होती.

"काय रं देशावरच्या, शालेत वारा नाय शिकवला?"

"शाळा सोडली, मावशी."

"मीपन कवा गेले? बस, पानी पी."

पुढं कितीतरी दिवस काडी ओढल्याचा आवाज आला की मी दाराबाहेर जायचो; खोलीत स्टोव्ह दुसराच कुणी पेटवायचा. तरी पुढच्या रविवारी गेलो. मावशीच्या छपरावर निळं प्लास्टिक होतं. पेंढ्याचं न विचारताच कोयता घेऊन कामाला लागलो. त्याच उन्हाळ्यात मालकानं गाळा गुजरातेत उमरगावला हलवला, आणि मीही गेलो. सांगूनसुद्धा आलो नाही तिला.

मावशी, भाताची कापणी झाली की एका वर्षी मी येणार आहे. पेंढा खळ्यांवरून डोक्यावर आणीन, आणि तुझं छप्पर पावसाआधी माझ्या हातानं शाकारीन. वारा कुठला, ते आधी तुला विचारून.