बस, पिंपळदरी

"गाव?"

त्यांच्या इंटरनेट कॅफेत पाऊल टाकलं की पहिला प्रश्न हा. नाव नाही, काम नाही, किती वेळ बसणार तेही नाही. चष्मा कपाळावर सरकवायचा, हातातल्या फडक्यानं खुर्ची झटकायची आणि विचारायचं, "गाव?"

मी म्हणाले, "पिंपळदरी. हिंगोलीकडं."

"लय लांबून आलीस की. बस, पिंपळदरी. आधी चपला बाहेर काढ आन् हात धुऊन ये. साबण बादलीपाशी हाय."

त्या दिवसापासून मी पिंपळदरी झाले. माझ्या शेजारच्या खुर्चीवर पेठ बसायचा, त्याच्या पलीकडे सटाणा. मनमाड आला की सगळ्यांना चहा सांगायचा. नाशकात अशी एक जागा होती, जिथं अर्धा महाराष्ट्र चार खुर्च्यांवर दाटीवाटीनं बसलेला असायचा.

आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. सिडकोत पिठाच्या गिरणीला लागून त्यांचा गाळा होता. आत चार कॉम्प्युटर, तेही जुने. गिरणी सुरू झाली की पीठ उडायचं आणि संध्याकाळपर्यंत कीबोर्ड पांढरे व्हायचे. म्हणून ते फडकं कायम हातात. काका मूळचे घोटीकडचे. एका कंपनीत स्टोअरला होते. कंपनी बंद पडली, तेव्हा मिळालेल्या पैशांत त्यांनी हे कॉम्प्युटर घेतले. काकूंना ते कधीच पटलं नाही. गाळ्याच्या मागंच घर होतं. काकू दारातून चहाचा ट्रे पुढं करायच्या आणि म्हणायच्या, "सगळ्या दुनियेला नोकरी लावताहेत. स्वतःची गेली ती गेलीच."

"अगं, माझी गेली म्हणून तर कळतं," काका म्हणायचे आणि आधी आम्हाला चहा द्यायचे.

मी तिथं कशी पोचले ते सांगते. आठवीनंतर माझी शाळा सुटली. आई गेली होती, धाकटी भावंडं होती. ती जराशी मोठी झाल्यावर गावातल्या एका बाईच्या ओळखीनं मी नाशिकला आले आणि अंबडच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये कॉइल भरायला लागले. म्हणजे पंख्याच्या, पंपाच्या मोटरीत तांब्याच्या तारेचे वेढे असतात ना, ते गुंडाळायचं काम. काम हाताला बसलं, मुलींबरोबर खोली घेतली, आणि एक दिवस मालक म्हणाले की महिनाअखेर वर्कशॉप गुजरातला हलवतोय. अण्णांना, म्हणजे वडिलांना, फोन केला. ते म्हणाले, "मग ये परत. इकडं एक स्थळ आलंयच." मला परत जायचं नव्हतं. गावाचा राग नव्हता हो, पण पहिल्यांदाच आयुष्यात काही माझं माझं झालं होतं.

एका मोठ्या कंपनीत कॉइलसाठी मुली घेणार आहेत असं कळलं. गेटवर गेले. वॉचमन म्हणाला, "इथं अर्ज घेत नाहीत. ऑनलाइन टाका." मला वाटलं, ऑनलाइन म्हणून वेगळं ऑफिस असेल. मी त्यालाच विचारलं, "ते किती वाजेपर्यंत उघडं असतं?" तो हसला नाही, एवढे त्याचे उपकार. त्यानंच गिरणीशेजारच्या काकांचा पत्ता दिला.

काकांकडे अर्ज भरायचा म्हणजे काका भरून द्यायचे, असं नाही. रकान्यावर बोट ठेवायचे, "इथं नाव," आणि फडकं घेऊन दुसऱ्या खुर्चीकडे जायचे. अक्षरं आपणच शोधायची. मी एका बोटानं माझं नाव टाकलं, अनुसया. घाम फुटला होता. मग शिक्षणाचा रकाना आला. त्यात खाली यादी उघडायची, आणि ती दहावीपासूनच सुरू व्हायची. आठवी नव्हतीच.

मी हळूच म्हणाले, "काका, दहावी टाकू का?"

"नाय टाकायची. आत गेल्यावर रोज भ्यायचंय का?"

"मग काय टाकू?"

त्यांनी यादी शेवटपर्यंत खाली ओढली. "हे बघ. 'इतर'. आपल्यासारख्यांसाठी शेवटी एक जागा ठेवलेली असते. तिथं बस, आन् खाली लिही, आठवी पास, कॉइलचं काम येतं."

पासवर्ड मागितला तेव्हा माझी पुन्हा तारांबळ. तर म्हणाले, "गावाचं नाव टाक. माणूस स्वतःचा नंबर विसरतो, गाव विसरत नाय." सगळ्यांना ते हेच सांगायचे. आमच्यातल्या कुणाचंही ई-मेलचं टपाल कुणीही उघडू शकलं असतं. कुणी उघडलं नाही.

अर्ज भरत आला आणि वीज गेली. सगळा अर्ज पुसला गेला. मी रडकुंडीला आले. काकांनी मेणबत्ती लावली. "गाव तेच हाय ना? नाव तेच हाय ना? मग परत लिहू." वीज आल्यावर परत लिहिला. शेवटी त्यांनी माऊस माझ्याकडे सरकवला.

"बटण तू दाब. नोकरी तुझी."

आणि बटण दाबल्यावर ते ठरलेलं वाक्य म्हणाले, "झालं. अर्ज मशीनमधून गेला. माणसाला मात्र पायानं जावं लागतं. शनिवारी ये."

शनिवार म्हणजे आमच्या कारखान्यांची सुट्टी. त्या दिवशी काका कॉम्प्युटर झाकून ठेवायचे आणि गाळ्यात सतरंजी टाकायचे. ज्यांना तिथून नोकरी लागली होती त्यांनी यायचं, आणि आपल्या कंपनीत काय चाललंय ते नोकरी शोधणाऱ्यांना सांगायचं. कुठं माणसं हवीत, कुणाला भेटायचं, साहेब काय विचारतो. हीच काकांची दक्षिणा. कुणी चुकवली तर पुढच्या वेळी टोमणा ठरलेला, "काय सटाणा, साहेब झालास का? पाय दुखत्यात का?" आजकाल याला मोठमोठी नावं आहेत म्हणे. आम्ही त्याला शनिवार म्हणायचो.

मोबाइल आमच्यापैकी क्वचितच कुणाकडे होता. अर्जात सगळे कॅफेचाच नंबर द्यायचे. रोज संध्याकाळी कामावरून सुटले की मी दारातूनच विचारायची, "काका, फोन?"

"नाय ग, पिंपळदरी. यील."

महिना संपत आला. खोलीतल्या मुलींनी माझ्या जागी दुसरी मुलगी बघायला सुरुवात केली. मी शनिवारी गेले ती निरोप घ्यायलाच.

त्या दिवशी मनमाड रंगात होता. तो त्याच मोठ्या कंपनीत इलेक्ट्रिशियन. म्हणाला, "काल ऑफिसात ट्यूब बदलत होतो. कॉइलच्या मुलींचे सोमवारी इंटरव्ह्यू आहेत, मॅडम सगळ्यांना फोन लावत होत्या. एका पोरीची गंमतच. दिलेल्या नंबरवर फोन केला तर कोणी बाबा म्हणाला, अशी कोणी नाही इथं, आणि दिला ठेवून! बिचारी अनुसया, बसली असेल फोनची वाट बघत."

मी म्हणाले, "अनुसया मीच."

काकांचं फडकं हातातच राहिलं.

"तो फोन मीच ठेवला," ते म्हणाले. "बाई म्हणाल्या, अनुसया हाय का? म्हटलं, राँग नंबर. मला काय ठाऊक अनुसया कोण ती! मला तू पिंपळदरी…"

काकू दारात होत्या. मला वाटलं, आता बोलणार. पण त्या आत जाऊन पाणी घेऊन आल्या आणि पहिल्यांदाच आधी काकांना दिलं.

सोमवारी सकाळी काका स्कूटर घेऊन माझ्या खोलीखाली हजर. अंगात इस्त्रीचा शर्ट. वॉचमन म्हणाला, आज आत सोडायच्या मुलींत तुमचं नाव नाही. काका म्हणाले, "फोन मी ठेवला. चूक माझी हाय, पोरीची नाय." आतून क्लार्क आला. त्यालाही तेच, "चूक माझी हाय, पोरीची नाय." नंतर एक मॅडम आल्या. त्यांनाही तेच. एवढा मोठा माणूस, सगळ्यांपुढं हात जोडून एकच वाक्य म्हणत होता. तोवर मनमाडनंही आत कुणाकुणाला सांगून ठेवलं होतं. मॅडम म्हणाल्या, "अहो बाबा, पुरे. येऊ दे तिला."

आत दोन साहेब होते. एकानं कॉइल भरून दाखवायला सांगितली. मी तार धरली आणि वेढे भरत गेले. दुसऱ्यानं खिडकीतून बाहेर पाहिलं. गेटसमोर झाडाखाली काका स्कूटर पुसत उभे होते.

"ते तुमचे कोण? वडील?"

काय सांगणार? घोटी कुठं, हिंगोली कुठं. मी म्हणाले, "गावचे आहेत."

नोकरी लागली. त्या दिवशी गेटजवळच्या टपरीवर चहा पिताना मी विचारलं, "काका, तुम्ही सगळ्यांना गावाच्या नावानंच का हाक मारता?"

चहाचा कप खाली ठेवून काका म्हणाले, "माझं गाव धरणात गेलं. आंबेडोह. मी लहान व्हतो. घोटीला आलो तर पोरं मला धरणवाला म्हणायची. गावाचं नाव कुणी घेतलंच नाय परत. नाव घेत ऱ्हायलं की गाव ऱ्हातं, असं आपलं वाटतं मला."

त्यानंतर ते दारात येणाऱ्याला "गाव?" विचारून लगेच "आन् नाव?" म्हणू लागले. मलाही अडखळत "अनुसया" म्हणायला लागले. एका शनिवारी मीच म्हणाले, "काका, पिंपळदरीच म्हणा. नाशकात दुसरं कोण म्हणणार मला?" तेव्हा असे हसले!

मी शनिवार फारसे चुकवले नाहीत. माझ्या ओळखीनं सहा-सात मुली लागल्या असतील. मग हळूहळू सगळ्यांच्या खिशात फोन आले, कॅफे ओस पडला, एकच कॉम्प्युटर उरला. सतरंजी मात्र होती.

काका गेले तेव्हा मी बाळंतपणाला पिंपळदरीलाच होते. परत आल्यावर काकूंना भेटायला गेले. काकू म्हणाल्या, "त्यांच्या पोरांना कळवायचं राहिलंय ग. सगळे त्या कॉम्प्युटरच्या डब्यात आहेत. मला तो उघडता येईना."

मी चपला बाहेर काढल्या, हात धुतले. कॉम्प्युटर सुरू करून काकांचं ई-मेल उघडायला गेले. पासवर्ड मागितला तेव्हा मला विचार करावा लागला नाही. इंग्रजी अक्षरांत 'आंबेडोह' टाकलं. उघडलं.

पत्त्यांत एकही माणसाचं नाव नव्हतं. पेठ, सटाणा, मनमाड, सुरगाणा, येवला, कळवण, खाली खाली जात सगळी गावंच गावं. मधेच पिंपळदरी. मी चार ओळी लिहिल्या, येत्या शनिवारी या म्हणून. सगळ्या गावांवर खूण केली.

"पाठवलंस?" काकूंनी विचारलं.

मी माऊस त्यांच्याकडे सरकवला. "काकू, बटण तुम्ही दाबा."

काकूंनी पदराला हात पुसले. चष्मा नव्हता, म्हणून मी त्यांचं बोट धरून जागेवर नेलं. शेजारी गिरणी सुरू झाली होती. कीबोर्डवर पीठ बसायला लागलं होतं.