गिरगावला जायचं, म्हणून आधी कफ परेडला

आमच्या घरात प्रवासाचे बेत मी आखते आणि बाबा ते मोडतात. "कशाला जायचं? टीव्हीवर दाखवतात ना सगळं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यामुळे एका सकाळी चहाच्या वेळी त्यांनी आपण होऊन "मला ती जमिनीखालची मेट्रो बघायची हाय" असं जाहीर केलं, तेव्हा आईने आधी त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला.

या इच्छेचं मूळ होतं गिरगावात. तिथे वसंतकाका राहतात, बाबांचे गोदीतले जोडीदार. दोघांनी एकाच वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून नोकरी काढली. निवृत्तीनंतरही बाबा दर बुधवारी पनवेलहून काकांकडे जायचे. काचबिंदूने काकांची नजर गेली, तेव्हा तर हा नेम आणखी पक्का झाला, कारण आठवडाभरात बघितलेलं सगळं बाबा काकांना सांगायचे. मग बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, स्टेशनवरून गिरगावला नेणाऱ्या बसच्या पायऱ्या चढणं बंद झालं आणि बुधवार फोनवर आला. समोरासमोर दुपार न पुरणारे हे दोन म्हातारे फोनवर "बाकी काय?" "बाकी तूच सांग" यापलीकडे जात नाहीत. बाबा हल्ली बुधवारी जेवण झालं की भिंतीकडे तोंड करून झोपून राहायचे. आम्हाला ते बघवत नव्हतं.

त्यातच काकांनी फर्मान काढलं. "इतकी वर्षं माझ्या घराखाली खणत होते. आता म्हणे गाडी धावते. मी काही बघू शकत नाही. तू बघून ये आणि मला सांग, माझ्या खालून काय जातं ते."

मी अट घातली. एकदा माझ्याबरोबर यायचं. सगळं नीट जमलं तर पुढचे बुधवार बाबांनी एकट्याने जायचं. नाही जमलं, तर हा विषय कायमचा बंद.

"बापाची परीक्षा घेते काय गो?"

"हो," मी म्हटलं.

परीक्षेआधी रंगीत तालीम म्हणून रविवारी नवी मुंबईची मेट्रो केली. पनवेलहून बेलापूर गाठायचं आणि तिथून पेंधरपर्यंत जाऊन यायचं. तिकीट दहा रुपयांपासून, गर्दी नाही, सरकते जिने, लिफ्ट. ज्येष्ठांना मेट्रोची ओळख करून द्यायची असेल तर मी हाच मार्ग सुचवेन. ही मेट्रो उंचावरून जाते. बेलपाडा आलं तसे बाबा काचेला नाक लावून बसले. तिथे त्यांच्या आत्याचं घर होतं. लहानपणी सुट्टीत ते आमच्या गावाहून, शिरढोणहून, चालत यायचे म्हणे.

"आत्याच्या घरामागं मोठी विहीर व्हती. दिसते काय?"

दिसत होत्या इमारती, त्यांच्यावरच्या पाण्याच्या टाक्या आणि मागे डोंगर. "डोंगर तरी ठेवलाय," बाबा म्हणाले आणि समोरच्या माणसाला विचारू लागले की ही गाडी चालवतो कोण. गेटवर तिकीट टेकवण्यात त्यांनी तिथेच प्रावीण्य मिळवलं. तालीम उत्तम झाली.

मग बुधवार. आईने पहाटे उठून तांदळाच्या भाकऱ्या केल्या आणि सुक्या बोंबलांचं कालवण डब्यात भरलं. आमच्याकडे बुधवार मासळी खाण्याचा वार, आणि वसंतकाकांना आईच्या हातचे बोंबील म्हणजे जीव की प्राण. डब्याला दोन पिशव्या, वर वर्तमानपत्र, तरी रिक्षावाल्याने आरशातून एकदा बघितलंच.

मी मात्र माझ्या परीने जय्यत तयारी केली होती. काही हरवू नये म्हणून बाबांचा फोन माझ्या पर्समध्ये, त्यांचं पाकीट माझ्या पर्समध्ये, दोघांची तिकिटं माझ्याच फोनवर. बाबांच्या हातात फक्त डबा आणि खिशात रुमाल. संध्याकाळच्या गर्दीच्या आत परतायचं म्हणून दहाच्या सुमारास पनवेलहून लोकलने निघालो आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलो. बाबा अजून व्हीटीच म्हणतात. तिथून भुयारी वाटेने थेट मेट्रो स्टेशनात जाता येतं. गुडघ्याची तक्रार असलेल्यांनी जिन्यांच्या नादी न लागता लिफ्टचा बाण शोधावा. थोडं चालावं लागतं, पण सपाट आहे.

खाली गेलो आणि माझाच आ वासला. वर उन्हाची काहिली आणि इथे गारवा. कुठे थुंकी नाही, कागदाचा कपटा नाही. तपासणीच्या यंत्रातून डबा गेला तसा तिथल्या पोरीने नाकाला हात लावला आणि हसून म्हणाली, "बोंबील ना? गाडीत उघडू नका बरं." बाबांचं लक्ष भलतीकडेच होतं. भिंतीवर हात फिरवून ते ओल शोधत होते. गोदीत आयुष्य गेलेला माणूस तो!

"समुद्र इथून हाकेवर हाय. पाणी झिरपणारच. मग उपसतात कुठून?" त्यांनी गेटवरच्या रक्षकाला विचारलं.

"आजोबा, माझ्याकडे फक्त माणसं येतात. पाणी नाही येत."

बाबांना हे उत्तर इतकं आवडलं की काकांना सांगायचं म्हणून त्यांनी ते दोनदा घोकलं.

फलाट मधोमध आहे. एका बाजूला आरेकडे जाणारी गाडी, दुसऱ्या बाजूला कफ परेडकडे जाणारी. गिरगाव आरेच्या बाजूला, दुसरंच स्टेशन. रुळांच्या कडेला काचेची भिंत, गाडी थांबली की तिचे आणि भिंतीचे दरवाजे एकदम उघडतात. आमची गाडी आली, पण तिच्यात माणसं उभी होती. बाबा म्हणाले, "ही सोड." मी म्हटलं, ठीक आहे, दुसरी येईलच. तेवढ्यात तुम्हा वाचकांसाठी भिंतीवरच्या नकाशाचा फोटो काढावा म्हणून वळले. फोटो हलला, दुसरा काढला. मागे वळले तर बाबा नव्हते.

ते पलीकडच्या गाडीत होते. कफ परेडच्या. डबा मांडीवर घेऊन ऐसपैस बसलेले. काचेपलीकडून त्यांनी मला पंजा दाखवला आणि दोन्ही दरवाजे बंद झाले.

मी काचेवर थापा मारल्या. त्याने काय होणार? गाडी गेली. त्यांना फोन लावला, तो माझ्याच पर्समध्ये वाजला.

तेव्हा कुठे मला कळलं मी काय करून ठेवलंय ते. काही हरवू नये म्हणून सगळं माझ्याकडे घेतलं आणि बाबाच हरवले. खिशात पैसे नाहीत, फोन नाही, तिकीट नाही. गुडघा नवा. रडू आलं, अगदी खरं सांगते.

फलाटावरची एक कर्मचारी धावत आली. माझ्यापेक्षा लहानच असेल. "काय झालं मॅडम?"

"वडील चुकीच्या गाडीत बसले. कफ परेडकडे गेले."

"जायचं कुठे होतं?"

"गिरगावला."

"मग उलटे कशाला गेले?"

उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि एकदम ट्यूब पेटली. वर्षानुवर्षे बाबा गोदीतून सुटले की थेट पनवेलची गाडी पकडत नसत. आधी उलटे व्हीटीला जायचे, तिथे रिकाम्या गाडीत जागा पकडायचे आणि मग पनवेलला यायचे. "बसायला," मी म्हटलं. "बसायला गेले असतील."

"रिटर्न गेले होय!" ती हसली. "मग येतात की परत. माझी आई पण अशीच. पण मॅडम, तिथे गाडी रिकामी करतात हां. सगळ्यांना उतरावं लागतं." मग तिने पुढच्या स्टेशनला कळवलं आणि मला म्हणाली, "तुम्ही हलू नका इथून."

हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. लहानपणी पनवेलच्या बाजारात शिरताना बाबा दर वेळी बजावायचे, चुकलीस तर शोधत फिरायचं नाय, जिथं हाय तिथंच थांबायचं, मी येतो परत. तेव्हा मी थांबायचे, कारण बाबा येणार याची खात्री असायची. आता पाय सारखे पुढच्या गाडीकडे ओढ घेत होते. कफ परेडला जाऊ का? आणि ते इकडे आले तर? एक गाडी आली, तिच्यात बाबा नव्हते. दुसरी आली, तिच्यातही नव्हते. मी फलाटाच्या त्याच फरशीवर उभी राहिले.

तिसऱ्या गाडीचा दरवाजा उघडला. समोर कोपऱ्यात बाबा, मांडीवर डबा आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर पसरलेला त्यांचा रुमाल.

"चल, बस लवकर. जागा धरलीय."

मी बसले आणि त्यांचा हात घट्ट धरला. मग ओरडले. "न सांगता गेलात कसे?"

"खूण केली ना, थांब म्हणून! शेवटच्या स्टेशनला सगळ्यांना उतरवलं. मी म्हटलं, बरं. एक गाडी भरली म्हणून सोडली, दुसरीत बसलो."

"दोन स्टेशनांसाठी?"

बाबांनी रुमालाची घडी घातली. "उभ्यानं गुडघा लटपटतो गो. आणि पोरांना उठवून जागा मागायला मला जमत नाय."

 कालबादेवी गेलं, गिरगाव आलं. नीट टेकलोही नव्हतो तोवर उठावं लागलं.

गिरगावात लिफ्टने वर आलो, मधल्या गल्लीतून हळूहळू चालत काकांच्या दारात. काकांना आधी बोंबलांचा वास आला, मग बाबांच्या चपलांचा आवाज. "आला रे माझा डोळा आला," असं म्हणत त्यांनी दोन्ही हात पुढे केले. त्यांच्या सुनेने ताटं मांडली आणि दोघांची बैठक सुरू झाली.

"सांग. खिडकीतून काय दिसतं?"

"काय नाय. काळोख. आणि काळोखात आपलंच थोबाड."

"म्हणजे तुझं दिसलं? अरेरे!" काका खो खो हसले.

बाबांनी सगळं सांगितलं. गारवा, काचेची भिंत, रक्षकाकडे न येणारं पाणी. उलटं जाण्याचा पराक्रम तर साभिनय झाला, माझ्या रडण्यासकट. काका मध्येच जेवायचे थांबले आणि जमिनीवर तळवा ठेवून म्हणाले, "खणत होते तेव्हा वाटायचं घर पडतंय. आता गाडी जाते तर काही कळतसुद्धा नाही. तू माझ्या खालून आलास आणि मला पत्ता नाही."

"आता दर बुधवारी येणार हाय," बाबा म्हणाले आणि माझ्याकडे बघितलंच नाही. परीक्षेचा निकाल त्यांनी स्वतःच लावून टाकला होता.

घरी आल्यावर तो निकाल बदलावा असं मला खूप वाटलं. आईपुढे सगळी तक्रार मांडली. ती म्हणाली, "हरवलं कोण? ते तर जागेवर बसून आले."  या मेट्रोवर लिहायला बसले तेव्हा स्वच्छता, वेग, दिशादर्शक पाट्या असं बरंच काही मनात होतं. राहिला तो पसरलेला रुमाल. मी फलाटावर रडत होते, तेव्हा कफ परेडला हा माणूस माझ्यासाठी जागा धरत होता.

पुढच्या बुधवारी फोन, पाकीट सगळं बाबांच्या खिशात होतं. रिक्षा दारात आली तरी माझ्या सूचना संपेनात. लिफ्टनेच जा, तिकीट जपून ठेवा, पोहोचल्यावर फोन करा, मी व्हीटीपर्यंत येऊ का?

बाबा रिक्षात बसले, डबा मांडीवर घेतला. "हलायचं नाय. जिथं हाय तिथंच थांब. मी येतो परत."

दुपारी फोन आला तो काकांचा. पाठीमागे बाबांचा आवाज चालला होता. "पोरी, पोहोचला गं तो," काका म्हणाले. "मी विचारलं, लेकीला कुठे सोडलंस? तर म्हणतो, घरी जागा धरून बसलीय."