पहिल्या नंबरचा चोर

नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला आणि त्यानंतर काही आठवड्यांतच गावी सासूबाई गेल्या. दिराचा फोन आला तेव्हा मी इथे आखातात, ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये, ह्यांच्या हॉस्पिटलच्या डब्यासाठी मऊ भात करत होते. "वैनी, दादाला एवढ्यात काय बोलू नका," दीर रडत म्हणाला. आमच्याकडे आजाऱ्याच्या कानावर वाईट बातमी घालत नाहीत. मी बरं म्हटलं आणि भात उतरवला. रडू आलं नाही. काहीच कसं वाटत नाही, याचंही फारसं काही वाटलं नाही.

हॉस्पिटलात रोज बोलायचं काय, हा प्रश्न होता. ह्यांना शब्द फुटत नव्हता, कळत मात्र सगळं होतं. मग मी बेसबॉल काढला. ह्यांच्या वेस्ट बेच्या ऑफिसातल्या अमेरिकन साहेबाने ह्यांना ते वेड लावलं होतं. त्यातही ह्यांना कौतुक लांब फटके मारणाऱ्यांचं नाही, चोरांचं. समोरचा चेंडू टाकायच्या बेतात असताना धावपटूने पुढच्या बेसकडे, म्हणजे पुढच्या थांब्याकडे, सुसाट पळायचं, याला म्हणे बेस चोरणं म्हणतात. सीझनमध्ये सगळ्यात जास्त बेस कोण चोरतो याची शर्यत महिनोन्‌महिने चालते. "पळणारा चेंडूकडे बघतच नाही," आजारी पडायच्या आधी हे मला रोज सकाळी ऐकवायचे, "टाकणाऱ्याच्या टाचेकडे बघतो. त्याच्या मनात काय आहे ते तिथे दिसतं." मी म्हणायचे, आधी चहा घ्या, गार होतोय.

तर रोज दुपारी मी मोबाइलवर बघून चोरांची खबर द्यायची. ह्यांचा लाडका पहिल्या नंबरवर होता. ऐकताना तोंडाची धड बाजू हसायची. एक दिवस वाचलं, की लाडक्याच्या मांडीला दुखापत झाली आणि तो सीझनमधून बाहेर. मी तोंड उघडलं आणि आपसूक निघालं, "पहिलाच आहे अजून." पुढे रोज तेच. मागचे त्याला केव्हाच ओलांडून गेले, तरी मी त्याला पळवतच राहिले. लगेच जोडायचे, "आई बऱ्या आहेत. तुमची चौकशी करत होत्या." एकदा सवय लागली की खोटं बोलायला काही कष्ट पडत नाहीत.

एका शुक्रवारी डबा घेऊन पोचले, तर साहेब नुकताच भेटून गेला होता. ह्यांच्याशी तोही बेसबॉलच बोलणार, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी खुर्ची ओढली आणि म्हटलं, "तुमचा चोर पहिलाच हं."

ते माझ्याकडे बघत राहिले. जीभ जड होती, तरी शब्द नीट आला.

"खोटं."

मी डब्याचं झाकण उघडलं, परत लावलं.

"आई... कधी?"

आई कशी आहे, असं नाही विचारलं. मी सांगितलं. कधी गेल्या ते, अग्नी धाकट्याने दिला तेही. त्यांनी डोळे मिटले. माझे कोरडेच होते.

बातमी उशिरा कळली तरी डोक्यावरून पाणी घ्यायचं असतं. ह्यांना बाथरूमपर्यंत नेणं शक्य नव्हतं. मी नॅपकिन ओला केला आणि त्यांच्या केसांवरून, कपाळावरून फिरवला.

नर्स आत आली. "फीवर है क्या?"

"नहीं," मी म्हटलं आणि नॅपकिन पुन्हा भिजवायला उठले.