सरूचे बगळे

किमयाचं लग्न ठरलं त्या दिवशी पाहुणे गेल्यावर सगुणाने कपबशा विसळल्या, हात पुसले आणि ओटीवर बसलेल्या थोरल्या दिराला सांगितलं, "दादा, दाराचं तोरण मी विणणार. आईच्या बगळ्यांचं."

कमळाकर घरातला मोठा. धाकटा भाऊ कान्हू, म्हणजे सगुणाचा नवरा, गेल्यापासून या घराचेही निर्णय तोच घेत असे. त्याने पानाला चुना लावत म्हटलं, "पेणला बाजारात ढिगानं मिळतात तोरणं."

"बाजारातलं नको."

"मग सरळच सांगतो. लग्नाच्या दाराला तुझ्या हातचं नाय चालायचं. आपल्यात ती रीत नाय."

"बघू," सगुणा म्हणाली आणि आत गेली.

कान्हू धरमतरच्या जेटीवर बार्जवर कामाला होता. तो गेल्यापासून लोकांच्या हळदीला, ओटभरणीला सगुणाला कुणी हाक मारत नव्हतं. मारली तरी ती मागे, भांड्यांपाशी. दुसऱ्यांची घरं, दुसऱ्यांची कार्यं, म्हणून तिने ते गिळलं होतं. किमया मात्र तिच्या पोटची पोर होती.

तोरणाचा नमुना सगुणाच्या आईचा, सरूचा. सरू मिठागरात राबायची. पावसाळ्यात आगरं बंद पडली की ती क्रोशाची सुई हातात घ्यायची. मिठाने चिरलेल्या बोटांत दोरा अडकायचा, म्हणून आधी खोबरेल चोळायची. तिच्या तोरणात मिठागरातल्या वाफ्यांसारख्या चौकटी असायच्या आणि चौकटींतून उभे बगळे. एक मान वर करून, पुढचा पाण्यात चोच घालून. हा नमुना तिने कुठून उचलला नव्हता. रोज डोळ्यांसमोर जे असायचं तेच दोऱ्यात उतरवलं होतं. गावातल्या इतर बायका मोर आणि गुलाब विणायच्या. बगळे फक्त सरूचे.

सरू गेली तेव्हा तिचं असं एक तोरण सगुणाकडे आलं. पुढे एका उधाणाला खाडीचा बांध फुटला, खारं पाणी घरात शिरलं आणि पत्र्याच्या ट्रंकेतलं सगळं गंजाने खाल्लं. तोरण उचलायला गेली तर हातात तुकडे आले.

आता तिने आठवून विणायला घेतलं. चौकटी जमल्या, पाय जमले. मान काही जमेना. बगळ्याचं बदक व्हायचं. ती जिते गावातल्या गणपतीच्या कारखान्यात मूर्तींना पॉलिश पेपर मारायला जायची. जेवणाच्या सुट्टीत पिशवीतून सुई काढायची, विणायची, उसवायची. आठवडा गेला तरी बदकच.

"राहू दे ना, आई," किमया म्हणाली. "मोर घाल. मोरही छान दिसतो."

"मोर कुणीपण घालतं."

मग तिला शांतीकाकी आठवली. सगुणा लहान असताना ती शेजारच्या खोलीत भाड्याने राहायची. तिचा नवरा जेटीवर कारकून होता. नंतर त्याला रोह्याच्या कंपनीत नोकरी लागली आणि बिऱ्हाड गेलं. जाताना तिच्या सामानात बगळ्यांचं एक तोरण होतं, एवढं सगुणाला पक्कं आठवत होतं. शांतीकाकी जिवंत होती की नाही, तेही ठाऊक नव्हतं.

रविवारी ती पेणहून गाडीने रोह्याला गेली. कंपनीच्या गेटवरचा माणूस म्हणाला, "मावशी, तेव्हाचे कामगार कधीच रिटायर झाले." जुन्या चाळीच्या जागी चार मजली इमारत उभी होती. दुपारपर्यंत ती दारोदार विचारत फिरली. कुणी हसलं. कुणी म्हणालं, तोरणासाठी एवढी पायपीट? "व्हय, तोरणासाठीच," ती सांगायची आणि पुढच्या दाराची बेल दाबायची. शेवटी बाजारात वालाच्या शेंगा विकणाऱ्या एका बाईने टोपली सावरत विचारलं, "शांती? जेटीवरच्या कारकुनाची? ती आमच्याच गावात असते गो. नवरा रिटायर झाल्यावर शेतीवर आली."

सगुणा त्याच बाईबरोबर मिनीडोर रिक्षात बसून गेली.

गाव आतल्या अंगाला, भातखाचरांच्या कडेला. दारात पाऊल टाकण्याआधीच तिला ते दिसलं. माजघराच्या चौकटीवर, धुराने तांबूस झालेलं, एका कडेला ठिगळ लावलेलं. बगळे मात्र सगळे जागेवर होते. सगुणा उंबऱ्याशीच थांबली. खाटेवर बसलेल्या म्हातारीने डोळे बारीक करून पाहिलं. "कोण गो तू?"

"सरूची सगुणा."

शांतीकाकीने तिला जवळ ओढून तिच्या तोंडावरून हात फिरवला. पाणी झालं, चहा झाला. सगुणाने येण्याचं कारण सांगितलं तशी म्हातारी ताठ झाली. "तोरण देणार नाय. माझ्या मढ्याबरोबर जाईल ते. नमुना मात्र उतरवून घे. कितीही वेळ बस."

तिच्या सुनेने तोरण काढून दिलं. सगुणाने ते उलटं करून मांडीवर पसरलं आणि दोऱ्याचं टोक शोधलं. ते वरच्या काठाला नव्हतं, बाजूला होतं. आईने तोरण वरून खाली विणलंच नव्हतं. दाराच्या डाव्या हातापासून उजवीकडे, आडवं विणत नेलं होतं. तशा विणीत मान आपोआप वळत होती. सगुणाने तिथल्या तिथे सुई काढली. पहिला बगळा उतरला तो बगळाच होता.

"पण काकी," ती विणता विणता म्हणाली, "माझ्या हातचं दाराला लावायचं नाय म्हणतात. नवरा गेल्यापासून."

शांतीकाकीने तिच्याकडे रोखून पाहिलं. "हे सरूने कधी विणलं, ठाऊक हाय तुला?"

"बाबा असतानाच असेल. ते गेल्यावर आईने शुभाचं काही केलं नाय, असंच ऐकलंय."

"कुणी सांगितलं? तुझा बाप जाऊन वर्ष झालेलं. माझ्या थोरलीचं बारसं होतं. मी तोरण मागितलं तर ती म्हणाली, शांती, माझा हात नको लावू तुझ्या दाराला. मी म्हटलं, तुझा हात नाय तर तोरणच नको, दार उघडंच राहू दे. मग विणलंन. थोरलीच्या लग्नातही मांडवाच्या दाराला हेच होतं. तिची पोरंही आता मोठी झाली. कुणाचं काय वाकडं झालं, सांग मला."

सगुणाची सुई थांबली. आईचा कपाळावर कुंकू नसलेला चेहरा तिला आठवत होता. त्या चेहऱ्याच्या बाईने असं काही केलं असेल, असं मात्र तिला कधी वाटलं नव्हतं. तिने डोळे पुसले आणि दुसरा बगळा घेतला.

त्यानंतरचे रविवार ती शांतीकाकीकडे जात राहिली. लग्नाच्या आदल्या दिवशी तोरण पुरं झालं.

दारात मांडव उभा राहिला. तिने स्टूल आणून दाराशी ठेवलं, तसा कमळाकर आडवा आला. मागे दोन-चार बायका उभ्या होत्या.

"सगुणा, खाली ठेव ते. सवाशिणीला बोलव."

"विणलंय मी, लावणार पण मीच."

"उद्या पोरीचं काय बरंवाईट झालं तर?"

"तर ते तोरणामुळे नाय झालं, एवढं मला ठाऊक हाय. पोरीचा बाप नाय, मी हाय. तिला वाढवायला माझे हात चालले, शिकवायला चालले. आज दारालाच नाय चालत?"

"लोक जेवायला येणार नाय."

"नाय आले तर जेवण उरेल. उरू दे."

किमया आतून आली. हळदीने पिवळे झालेले हात तिने स्टुलाला लावले आणि ते घट्ट धरलं. "चढ, आई. मी धरलंय."

सगुणा चढली. चार खिळे ठोकले. कमळाकर चपला घालून बांधाच्या दिशेने चालू लागला. मागच्या बायकांतली एक त्याच्यामागे गेली. बाकीच्या उभ्या राहिल्या. एकीने जवळ येऊन पाण्यात चोच घातलेल्या बगळ्याला बोट लावून पाहिलं.

लग्न लागलं. दोन घरची माणसं आली नाहीत. कमळाकर अक्षता टाकायला आला, जेवलाही, पण सगुणाशी बोलला नाही. आजही फारसा बोलत नाही. घरी आला तर तोरणाखालून यायला नको म्हणून पडवीला वळसा घालून मागच्या दाराने येतो.

सगुणा त्याला चहा देते, साखर जास्त घालून, त्याला आवडतो तसा. परवा तो गेल्यावर तिने दोरा हातात घेतला आणि मागच्या दाराचं माप घेतलं.